राहूला धड का नाही?

उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवाला घेऊन नगरमध्ये एका सुपरहीरोच्या सिनेमाला गेलो होतो. नातू आठ वर्षांचा. मांडीवर पॉपकॉर्नचा डबा, डोळे पडद्यावर आणि पाय सतत हलत. मध्यंतरापूर्वी नायकाने एका हाताने धावती रेल्वे थांबवली, तेव्हा हे पाय थांबले. मध्यंतरानंतर चार साध्या गुंडांनी त्याच नायकाला गोदामात खांबाला बांधलं. दोरीने. नायक धडपडतोय, घामाघूम झालाय, संगीत टिपेला गेलंय, आणि शेजारून प्रश्न आला :

‘‘आजोबा, ह्याने मघाशी रेल्वे थांबवली होती ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग दोरी का तुटत नाही?’’

पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मान वळवून पाहिलं. मी घाईघाईने म्हणालो, ‘‘अरे, सिनेमा आहे. गप बघ.’’

तो गप बसला. पण पाठ टेकून बसला. उरलेला पाऊण तास पडद्यावर इमारती कोसळत होत्या, विमानं पेट घेत होती आणि हा मुलगा डब्याच्या तळाशी उरलेले न फुटलेले दाणे मोजत होता. सिनेमा संपायच्या आधीच तो उठून गेला होता, एवढंच की देह खुर्चीत होता.

घरी आल्यावर माझं ते उत्तर मलाच बोचत राहिलं. प्रश्न त्याचा बरोबर होता. उत्तर माझं चुकीचं होतं. आणि हे चुकीचं उत्तर मी आयुष्यात पहिल्यांदाच दिलं होतं, असंही नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा, सून, नातू असे सगळे शिर्डीला निघालो. मनमाड रस्त्याने राहुरी आली. नातू पाट्या वाचत होता. ‘‘राहुरी म्हणजे काय?’’ त्याने विचारलं. आमच्या जिल्ह्यात, म्हणजे जुन्या नगर आणि आता कागदोपत्री अहिल्यानगर जिल्ह्यात, वाढलेल्या माणसाला हा प्रश्न विचारला की तो गोष्ट सांगितल्याशिवाय राहात नाही.

समुद्रमंथनातून अमृत निघालं. ते वाटायला विष्णू मोहिनी होऊन आला. आमच्याकडे सांगतात, ही पंगत बसली ती नेवाशाला. तिथे मोहिनीराजाचं देऊळ आजही आहे. देवांच्या पंगतीत एक दैत्य वेष पालटून बसला. तो राहू. सूर्य-चंद्राने त्याला ओळखलं आणि मोहिनीला खूण केली. सुदर्शन सुटलं. पण तोवर अमृताचा घोट राहूच्या तोंडात गेला होता. गळ्यापर्यंत पोचला होता, खाली उतरला नव्हता. मस्तक उडालं ते राहुरीला पडलं आणि काया पडली ती प्रवरा-गोदावरीच्या संगमाजवळ, कायगावला. अमृत लागलेलं मस्तक अमर झालं. धडाला अमृत पोचलंच नव्हतं, ते मेलं. चहाडी केली म्हणून राहू अजून सूर्य-चंद्राचा पाठलाग करतो. सापडले की गिळतो. त्यालाच ग्रहण म्हणतात.

‘‘मग सूर्य परत कसा येतो?’’

‘‘राहूला धड आहे का?’’

नातू क्षणभर थांबला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते कालच्या अडीच तासांत एकदाही दिसलं नव्हतं. ‘‘गळ्यातून बाहेर पडतो!’’ तो ओरडलाच.

ग्रहण कशाने लागतं हे त्याला शाळेत शिकवलेलं आहे. चंद्राची सावली, पृथ्वीची सावली हे सगळं तो मला चित्र काढून दाखवू शकतो. पंचांगातला राहू हा चंद्राचा मार्ग आणि सूर्याचा मार्ग जिथे छेदतात तो बिंदू, एवढं आमच्या शाळामास्तरांनीही सांगितलं होतं. तरीही तो ओरडला. कारण गोष्ट खरी असल्याचा आनंद त्याला झालेला नव्हता. गोष्ट *जुळल्याचा* आनंद होता. घोट गळ्यापर्यंतच गेला, हा सुरुवातीला सहज सांगितलेला तपशील शेवटी कामाला आला. नऊ हातांची, आकाशात उडणारी, सूर्य गिळणारी माणसं खुशाल असोत. पण गोष्टीने एकदा जे सांगितलं ते विसरू नये, एवढीच ऐकणाऱ्याची मागणी असते.

आपण ज्याला विश्वसनीयता म्हणतो ती हीच. लोक म्हणतात, ‘‘माणूस उडतो हे चालतं आणि दोरी तुटत नाही हे का चालत नाही? दोन्ही खोटंच की!’’ पण दोन्ही खोट्यांची जात वेगळी आहे. पहिलं खोटं दोघांनी मिळून ठरवलेलं असतं. सांगणारा म्हणतो, ‘समजा, एक माणूस उडतो.’ ऐकणारा म्हणतो, ‘बरं, समजलं.’ हा करार झाला. दुसरं खोटं म्हणजे करार मोडणं. सुपरमॅनने चष्मा लावला की रोज शेजारी बसणाऱ्यांनाही तो ओळखू येत नाही, हे आपण इतकी वर्षं मान्य करत आलो. कारण ते पहिल्याच पानावर कबूल करून घेतलेलं आहे.

आपल्याकडे १९८७ साली ‘मिस्टर इंडिया’ आला. शेखर कपूर यांनी त्यात एक साधा नियम घातला : घड्याळ चढवलं की नायक अदृश्य होतो, पण लाल प्रकाशात तो दिसतो. हा नियम नसता तर तो सिनेमा अर्ध्या तासात संपला असता. अदृश्य माणसाला कोण हरवणार? लाल काच आली आणि भीती आली. भीती आली म्हणून लोक खुर्चीच्या टोकावर आले. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ सालचा. बाहुल्यात शिरलेला तात्या विंचू मरत नाही, पण दोन भुवयांच्या मध्ये गोळी लागली तर मरतो, आणि त्याला पुन्हा माणूस व्हायचं तर ज्याला त्याने आपलं गुपित प्रथम सांगितलं त्याच्याच शरीरात शिरावं लागतं. रामदास पाध्ये यांचा तो बाहुला पाहून मुलं रात्री आईच्या कुशीत शिरली ती नुसत्या त्याच्या डोळ्यांमुळे नव्हे. त्याचे नियम पक्के होते म्हणून.

आणि ही काही परदेशातून आलेली विद्या नाही. हिरण्यकशिपूने वर मागितला : दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, माणसाकडून नको, पशूकडून नको, शस्त्राने नको. देव सर्वशक्तिमान. ‘वर रद्द’ असं म्हणायला त्याला कोण अडवणार होतं? पण तसं झालं नाही. दिलेला शब्द अक्षरशः पाळून देवाला संध्याकाळी, उंबऱ्यावर, अर्धा सिंह होऊन, नखांनी यावं लागलं. ज्यांनी ही कथा रचली त्यांना ठाऊक होतं की नियम मोडून जिंकणारा देव मोठा वाटत नाही. नियमात राहून जिंकणारा वाटतो.

मी बँकेत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. लोकांना वाटतं, आकडे एकीकडे आणि कल्पना दुसरीकडे. तसं नसतं, हे मला माझ्याच एका जुन्या हेडकॅशियरने शिकवलं. माझ्या पहिल्या कादंबरीत एक शाखाधिकारी मुलीच्या आजारपणासाठी रात्री बँकेत जातो, स्ट्राँगरूम उघडतो आणि पैसे उचलतो. पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर दोन महिन्यांनी ह्या निवृत्त गृहस्थांचं अंतर्देशीय पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं ते साधारण असं : साहेब, आपण इतकी वर्षं बरोबर काढली. स्ट्राँगरूमला दोन चाव्या असतात. एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे. तुमचा मॅनेजर एकट्याने आत कसा गेला? त्या मुलीच्या तापाचं वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण तिजोरी एका चावीने उघडली आणि मग तो तापही मला खोटा वाटायला लागला.

मी आधी रागावलो. ‘कादंबरी आहे,’ असं उत्तर लिहायला घेतलं आणि थांबलो. कारण त्यांचं म्हणणं चावीबद्दल नव्हतंच. ते तापाबद्दल होतं. दहा पैशांचा फरक लागला तरी दिवसाचा हिशेब बंद करता येत नसे. रात्री नऊ-नऊपर्यंत आम्ही व्हाउचर उलटत बसायचो. दहा पैशांसाठी कुणी बसत नाही. एक आकडा चुकला असेल तर बाकीच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा, यासाठी बसतात. वाचकाचंही तसंच असतं. दोरी तुटत नाही म्हणून तो हसतो, तेव्हा नायकाच्या आईचं मरणही त्याने मनातल्या मनात वजा केलेलं असतं.

खात्यात जमेची बाजू असते तशी नावेची असते. सुपरहीरोच्या गोष्टीत शक्ती जमेला पडते. मग नावे काय पडलं? हा प्रश्न ज्या सिनेमाने विचारला नाही, त्याचा ताळेबंद जुळत नाही. रिचर्ड डॉनर यांच्या १९७८ सालच्या ‘सुपरमॅन’ची मजा मी पुष्कळ वेळा घेतली आहे. पण शेवटी नायिका भूकंपात मरते, आणि सुपरमॅन पृथ्वीभोवती प्रदक्षिणा घालून काळच उलटा फिरवतो, ती उठून बसते. टाळ्या पडतात. मग घरी जाताना वाटतं, आता ह्या माणसाच्या आयुष्यात कसली काळजी उरली? कोणीही मेलं की दोन फेऱ्या मारायच्या! उलट २००२ सालच्या ‘स्पायडरमॅन’मध्ये पोराला कोळ्याची ताकद मिळते, पण त्याच्या एका बेफिकिरीमुळे काका मारले जातात आणि ते परत येत नाहीत. ते परत येत नाहीत म्हणूनच त्या पोराची प्रत्येक उडी आपल्याला महत्त्वाची वाटते.

गेलेलं माणूस परत येतं की नाही, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो असा सिनेमा पाहूनच. साल १९६९. मी नऊ वर्षांचा. त्या वर्षी माझी आई गेली होती आणि मला आजीकडे, नेवाशाजवळच्या आमच्या खेड्यात, ठेवलं होतं. जत्रेत टुरिंग टॉकीज आली. तंबू, मधोमध पडदा, बसायला जमीन. सिनेमा होता प्रभातचा ‘संत ज्ञानेश्वर’. दामले-फत्तेलाल यांनी तो १९४० मध्ये केलेला, म्हणजे तेव्हाच जवळजवळ तीस वर्षांचा जुना. रीळ ठिकठिकाणी तुटत होतं. ज्ञानेश्वर झाले होते शाहू मोडक. ‘‘आपल्या नगरचा मुलगा हो,’’ बायका एकमेकींना सांगत होत्या. मोडकांचा जन्म नगरचा, १९१८ मधला, आणि घराणं मराठी ख्रिस्ती. कृष्णही तेच व्हायचे, ज्ञानेश्वरही तेच झाले, आणि तंबूतल्या एकाही म्हातारीला त्यात काही विसंगत वाटलं नाही. भिंत चालायला लागली तेव्हा सगळ्या तंबूने हात जोडले.

चांगदेव वाघावर बसून, सापाचा चाबूक करून आला. त्याची सत्ता जिवंत प्राण्यांवर. समोरून चार पोरं निर्जीव भिंतीवर बसून येतात. न बोलता सगळं सांगून झालं. कोण मोठा, हे कुणी भाषण करून सांगावं लागत नाही. आज मागे वळून पाहताना वाटतं, किती नेटकी बांधणी! पण त्या रात्री मला बांधणी दिसत नव्हती. मला एवढंच दिसत होतं की ह्या मुलाला काहीही करता येतं.

दुसऱ्या दिवशी आजी मला नेवाशाला घेऊन गेली. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो पैस खांब तिने दाखवला. ज्यांनी ती लिहून घेतली त्या सच्चिदानंदबाबांची गोष्ट सांगितली. सच्चिदानंदबाबा वारले होते. त्यांची पत्नी सती जायला निघाली होती. वाटेत तिने ज्ञानेश्वरांना नमस्कार केला आणि त्यांनी नेहमीसारखा सौभाग्याचा आशीर्वाद दिला. शब्द खरा व्हायलाच हवा होता. म्हणून सच्चिदानंदबाबा उठले.

मी विचारलं, ‘‘मग त्यांनी स्वतःच्या आई-बाबांना का नाही उठवलं?’’

विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, ते सिनेमात मी पाहिलं होतं. तिला कळलं की मी कुणाबद्दल विचारतोय. ती खांबापाशीच बसली. ‘असतं तसं,’ ‘देवाच्या गोष्टी आपल्याला कळत नाहीत,’ असं म्हणून तिला सुटता आलं असतं. गोष्टच आहे ती, असंही म्हणता आलं असतं. ती म्हणाली, ‘‘ते आपणहून गेले रे. मुलांना लोकांनी जवळ करावं म्हणून गेले. त्यांना उठवलं असतं तर त्यांनी जे दिलं तेच परत केल्यासारखं झालं असतं. आणि सच्चिदानंदबाबांना त्याने मुद्दाम नाही उठवलं. बोललेला शब्द होता, तो फिरवता येत नव्हता.’’

‘‘आणि माझी आई?’’

‘‘तिच्यासाठी कुणी तसा शब्द टाकलेला नव्हता, बाळा.’’

मी रडलो. पण त्या उत्तरात फसवणूक नव्हती. ज्ञानेश्वरांची शक्ती तिने माझ्यासाठी कमी केली नाही, माझं दुःखही खोटं ठरवलं नाही. दोन्हींना एकाच गोष्टीत जागा करून दिली. भिंत चालवणाऱ्या मुलालाही आईवाचून राहावं लागलं, तर मलाही राहता येईल, एवढं मी त्या खांबापासून घेऊन आलो. गोष्टीतले नियम पाळले की काय होतं, ते हे होतं. नियम मोडला असता तर ती गोष्ट मला मोठेपणी हसण्यावारी नेता आली असती. तशी नेता आलेली नाही.

असं शिकूनही मी पुढे चुकलो. १९९८ मधली गोष्ट. दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ येत असे. त्या वेळी गल्ली ओस पडायची. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. एका रविवारी तो मागच्या पडवीच्या पत्र्यावर चढला, हात वर करून गरगर फिरला आणि खाली उडी मारली. मनगट मोडलं. दवाखान्यात प्लास्टर घालत असताना तो रडत रडत एकच सांगत होता, ‘‘बाबा, मी फिरलो होतो. नीट फिरलो होतो.’’ भीती आणि राग एकत्र झाले की बापाच्या तोंडून जे निघतं तेच निघालं : ‘‘सगळं खोटं असतं ते!’’

आज मला वाटतं, उत्तर त्या मालिकेतच होतं. शक्तिमानला शक्ती फिरल्याने मिळालेली नव्हती. गुरूंकडे साधना करून त्याने शरीरातली सातही चक्रं जागी केली, असं त्या गोष्टीत स्पष्ट होतं. फिरणं हे नंतरचं. मुलाने परिणामाची नक्कल केली होती, कारणाची नाही. ‘तू चक्रं कधी जागी केलीस?’ एवढं विचारलं असतं तर आठ वर्षांच्या मुलाला ते शंभर टक्के पटलं असतं. मुलं नियमांच्या बाबतीत आपल्यापेक्षा काटेकोर असतात. गोट्यांच्या डावात पाहा. शक्तीला कारण असतं, कारणाला कष्ट असतात, कष्टाला वेळ लागतो, हे सांगणारी गोष्ट मुलाला पत्र्यावरून खाली उतरवते. कशालाच कारण नसलेली गोष्ट त्याला वर चढवते. म्हणून सुपरहीरोच्या सिनेमातल्या तर्काची चौकशी करणं हा मला रिकामपणचा उद्योग वाटत नाही. तिकीट काढून आपण मुलांना तिथे नेतो. मनासारखं झालं नाही तर नियम गुंडाळून ठेवता येतात, हे ती तिथे शिकली तर मोठेपणी कुणाला बोल लावायचा?

हे काम पैशांचं नाही, हेही सांगायला हवं. संगणकावर आज अख्खं शहर पाडता येतं. प्रभातवाल्यांकडे त्यातलं काही नव्हतं. त्यांच्याच १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’मध्ये शेवटी वैकुंठाचं विमान येतं, ते आजच्या मुलाला पुठ्ठ्याचं वाटेल. पण तुकाराम आकाशात जातात आणि गौरीबाईंनी रंगवलेली जिजाई इथेच, आपल्या मुलाबाळांत राहते. सिनेमाभर जी बाई चुलीशी आणि उपाशी पोरांशी बांधलेली दाखवली ती शेवटीही तशीच राहिली. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्राचा गौरव झाला, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांना विठोबा ठाऊक नव्हता. जिजाई मात्र त्यांना कळली असणार.

तर आम्ही राहुरी सोडून पुढे निघालो होतो. नातू बराच वेळ गप्प होता. हा गप्पपणा सिनेमागृहातल्यासारखा नव्हता. मग म्हणाला, ‘‘पण आजोबा, केतू म्हणजे राहूचंच धड ना? शाळेत एक मुलगा म्हणाला. मग धड जिवंत आहे की मेलं?’’

मी अडकलो. प्रश्न पुन्हा बरोबर होता. ‘गोष्ट आहे रे’ हे शब्द अगदी जिभेवर आले होते.

‘‘दोन गोष्टी आहेत,’’ मी म्हणालो. ‘‘एकीत अमृत गळ्यातच अडकलं, तीत धड मेलं. दुसरीत धडही जगलं आणि त्याचा केतू झाला. आपल्याकडची पहिली. कुठलीही सांग. पण सांगायला लागलास की मध्येच बदलायची नाही.’’

गाडी चालवणाऱ्या माझ्या मुलाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. स्टिअरिंगवरचं उजवं मनगट त्याने जरा फिरवल्यासारखं केलं. थंडीत ते अजून दुखतं, पण आत्ता तर मे महिना होता.

‘‘बाबा,’’ तो म्हणाला, ‘‘मला तर सांगितलं होतंत, सगळं खोटं असतं म्हणून.’’

‘‘चुकलो होतो,’’ मी म्हणालो.

मागच्या सीटवर नातू सुनेला सुरुवातीपासून गोष्ट सांगायला लागला होता. घोट कुठपर्यंत गेला ते त्याने दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून दाखवलं.